मळी काढणारा पंप

मोटारीच्या धंद्यात हवा म्हणजे शत्रू. कापूरहोळच्या फाट्यावर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि निम्मं आयुष्य मी लोकांच्या पंपातली हवा काढण्यात घालवलंय. शेतकरी दारातूनच ओरडतो, "मोटार फिरतीया, पन पानी न्हाई!" मी हातातलं काम न सोडता सांगतो, हवा धरली असणार, फूटव्हॉल्व्ह बघ, पाइपाचा सांधा बघ. दहातल्या नऊ वेळा तेच निघतं. त्यामुळे चांगल्या चालत्या पंपाला मुद्दाम भोक पाडून त्याला हवा ओढायला लावायची वेळ आली, तेव्हा मी आधी चिडलो. तसा मी कशावरही आधी चिडतोच. बायको म्हणायची, "ह्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, शिंकले तरी सांडतो."

ते काम तिच्याचमुळे निघालं होतं. हायवेवरच्या एका हॉटेलात ती भाकऱ्या थापायला जायची. हॉटेलच्या मालकाला हौस भारी. त्यानं काउंटरमागे काचेची मोठी टाकी मांडली होती आणि तीत समुद्राचे मासे सोडले होते. समुद्र आमच्यापासून वरंधा घाटापलीकडं, आणि हिनं तो जन्मात एकदाच पाहिलेला. पण कामावर जाता-येता ती त्या टाकीसमोर उभी राहायची, आणि हळूहळू माशांना खायला घालायचं काम तिच्याकडंच आलं. पुढं मालकानं हॉटेल बंद केलं. सामान टेम्पोत चढत असताना तो तिला म्हणाला, "मावशी, टाकी नेताय का? न्हाईतर फोडून टाकावी लागंल."

तिनं मला विचारलं नाही. संध्याकाळी टेम्पो सरळ दुकानाच्या दारात. काचेची टाकी, दगड, दिवे, आणि बादलीत दोन मासे. आम्ही दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो, तिथं माणसांनाच जागा पुरत नव्हती. मी म्हणालो, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं." तिनं टीव्ही उचलून जमिनीवर ठेवला. टीव्हीच्या जागी टाकी आली.

मासे केशरी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे. एक पट्टा अगदी डोळ्यांमागून खाली आलेला. ती म्हणाली, "मुंडावळ्या बांधल्यात जनू." तेव्हापासून त्यांचं नाव नवरा-नवरी पडलं. त्यांच्यात मादी आकारानं मोठी असते म्हणे. हे कळल्यावर तिनं मला महिनाभर सोडलं नाही. "बघा, ह्यांच्यात बायको मोठी. म्हनून संसार कसा गुमान चाललाय."

घरात तिसरं माणूस म्हणजे आबा, माझे वडील. आई गेल्यापासून ते गावाकडचं, पासलीचं घर माझ्या धाकट्या भावाच्या हवाली करून आमच्याकडं राहायला आले होते. आबा गुळव्या. भात झोडून झालं की आमच्या डोंगरातली माणसं खाली नीरेच्या काठाला गुऱ्हाळांवर जायची, तशी आबांनी उभी हयात काढली. काहिलीत उसाचा रस उकळत असताना त्यावर येणारा घाणीचा फेस, म्हणजे मळी, ती कधी काढायची, किती काढायची, काहील चुलीवरून कधी उतरवायची, हे सगळं गुळव्याच्या हातात. आबा गार पाण्यात बोटं बुडवून उकळत्या पाकातली चिमूट उचलायचे, बोटांत गोळी करायचे आणि म्हणायचे, "उतरवा." त्यांचा हात लागलेली ढेप कधी पाघळली नाही असं लोक सांगत. लांबून निरोप यायचे. नाव कुणी घ्यायचं नाही, "हाताला गुन असलेला तो पासलीचा गुळव्या" एवढंच म्हणायचे. आबांजवळ दुसरी इस्टेट नव्हती. जी काही अब्रू होती ती त्या दोन हातांत होती.

टाकी आल्यावर पंधरा दिवसांत तिच्यातलं पाणी साफ करायचं मशीन जळालं. परदेशी होतं. आतलं वाइंडिंग सगळं रेझिनमध्ये बुडवलेलं, उघडायला जागाच नाही. पाणी पिवळट पडलं, वास यायला लागला. पुण्याच्या मासेवाल्या दुकानदाराला मी फोन लावला. त्यानं मशीनचं नाव सांगितलं, प्रोटीन स्किमर. म्हणाला, माशांची घाण आणि उरलेलं खाणं खाऱ्या पाण्यात विरघळून राहतं, गाळून निघत नाही. उभ्या नळीत अगदी बारीक बुडबुडे सोडायचे, घाण बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन वर चढते, वरच्या भांड्यात पडते, की भांडं ओतून द्यायचं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आबा भिंतीला टेकून ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "म्हंजी मळी काढायची."

एवढा वेळ दुकानदार बोलत होता त्यातलं मला अर्धं कळलं होतं. आबांच्या तीन शब्दांत सगळं कळलं.

त्याच आठवड्यात बायकोचं दुखणं उघडं पडलं. पोटात दुखतंय हे तिनं सहा महिने लपवलं होतं. ओवा खायची, गरम पाण्याची बाटली धरायची आणि कामावर जायची. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं तेव्हा मी त्यांच्यावरच ओरडलो. मग बाहेर बाकड्यावर बसून रडलो. तिला काही सांगायच्या आधीच तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, "मशीनचं काय झालं? मासे वर येऊन तोंड उघडत्यात."

मग मी मशीन करायला बसलो. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतंच.

घेतला कूलरचा पंप. छोटासा, पाण्यात बुडवून ठेवायचा. त्याच्या आत चुंबकाचा रोटर असतो आणि रोटरच्या टोकाला प्लास्टिकची पाती. पाती पाणी ढकलतात. पण मला पाणी ढकलायचंच नव्हतं, हवेचा चुरा करायचा होता. हॅक्सॉच्या पात्यानं मी ती पाती मुळापासून कापली. त्यांच्या जागी गोल चकती बसवली आणि चकतीत बारीक भोकं पाडून काटे उभे करायचं ठरवलं. काटे कशाचे करावेत हे सुचेना. तारेचे केले तर खाऱ्या पाण्यात गंजणार. झाडूच्या काड्या लावून पाहिल्या, त्या वाकल्या. तोवर मिठाचं पाणी बदलून बदलून मी मासे जगवत होतो.

ती खाटेवरून बघत होती. औषधं सुरू होऊन महिना झाला होता आणि केस जवळजवळ सगळे गेले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. उशीखालून तिनं केसांचा ब्रश काढला, प्लास्टिकच्या काट्यांचा, आणि माझ्यापुढं धरला. "ह्याचे काटे घ्या. मला आता काय उपेग त्याचा."

मी म्हणालो, येतील केस, डॉक्टर म्हणालेत. ती म्हणाली, "आले की नवा घेऊन द्या. आता ह्ये घ्या." मी तिच्यासमोर पकडीनं एकेक काटा उपटला. प्रत्येक काट्याला मी पकडीला शिव्या देत होतो.

हवेसाठी पंपाच्या तोंडाशी भोक पाडलं आणि मेडिकलमधून सलाइनची नळी आणून बसवली. नळीवरची ती थेंब कमी-जास्त करायची चक्री आयतीच कामाला आली, तिनं हवा कमी-जास्त करता यायला लागली. मशीनच्या अंगासाठी जाडा पारदर्शक पीव्हीसी पाइप, वर लोणच्याची प्लास्टिकची बरणी उलटी करून भांडं. पहिल्या दिवशी पंपानं असा आवाज काढला की आबा बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले, पण वाटाण्याएवढे. तिसऱ्या खेपेला चकतीचा तोल साधला आणि पाइपातलं पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. आबा वाकून बघत म्हणाले, "आता चढंल."

चार दिवस काही चढलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी आबांनी मला दुकानातून हाक मारून आत बोलावलं. बरणीत बोटभर काळपट चहासारखं पाणी साठलं होतं, आणि वास असा की नाक धरावं. आबांच्या तोंडावर मात्र पोरगा पास झाल्यासारखा आनंद. "बघ, कशी मळी निगाली. सूनबाई, बघ!" ती उठून बसली. कितीतरी दिवसांनी ती आवाज करून हसली. "तुमी दोगं बापल्योक मिळून घान काडली, आनि वर नाचताय," असं काहीतरी म्हणाली.

पुढचे चार-साडेचार महिने त्या खोलीत ती दोघं असायची. तिची खाट टाकीसमोर, आबा खाटेशेजारी पोत्यावर. फेस किती आला, काळा की तांबूस, यावर त्यांच्या गप्पा चालायच्या. बरणी धुवायचं काम आबांनी आपणहून घेतलं होतं. त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं, जेवलो का नाही हे दोनदा विचारायचे, दुकानातून घरात यायचं दार चुकायचे. पण बरणी कधी विसरले नाहीत. ती शेवटी शेवटी बोलायची कमी झाली, तरी माशांना चिमूटभर खाणं स्वतःच्या हातानं टाकायची. मी तिचा दंड धरून हात टाकीपर्यंत न्यायचो.

दिवाळीनंतर ती गेली. दुपारी, झोपेत. आबा शेजारी बसून होते आणि त्यांना वाटलं, डोळा लागलाय. मी आत आलो तर ते मला बोटानं गप्प राहायला सांगत होते.

त्यानंतर घरात तिच्या हातचं खाल्लेले चौघं उरलो, दोन माणसं आणि दोन मासे. आम्ही बापलेक फारसं बोलायचो नाही. बोललो तर माशांवरच. आज नवरी दगडामागून बाहेर आली नाही, आज पाण्याला वास नाही. मला रात्रंदिवस एकच वाटायचं, हे दोन जीव जगले पाहिजेत. त्यांनी तिचा हात पाहिला होता. माझी ही समजूत वेडगळ होती हे मला तेव्हाही कळत होतं, पण कळून काही फरक पडत नव्हता.

माघात एकदा पाण्यात हात घातला तर मला झिणझिण्या आल्या. पंपाच्या रेझिनला बारीक चीर गेली होती, करंट पाण्यात उतरत होता. दुसरा पंप आणून परत सगळी पाती कापायची, चकती करायची, हे मला नको होतं. खरं सांगायचं तर तिच्या ब्रशच्या काट्यांचा पंप मला बदलायचा नव्हता. मी वाइंडिंगवाल्यानं करावं तेच केलं. पंप सुकवला, चिरेवर रोज मोटारींना लावतो ते वॉर्निश भरलं, वरून रेझिनचा हात दिला आणि एक दिवस उन्हात ठेवून परत टाकीत सोडला. मोटारीला वॉर्निश लागलं की ती पक्की झाली, हे मला मिसरूड फुटण्याआधीपासून ठाऊक. झिणझिण्या थांबल्या. काम झालं म्हणून मी हात पुसले.

दोन दिवसांनी विंझरला एका विहिरीतली मोटार वर काढायचं काम आलं. सकाळी गेलो तो दिवसभर विहिरीत. मोबाईल वर, काठावर काढून ठेवलेल्या सदऱ्यात.

संध्याकाळी परत आलो तर आबा दारातच उभे. चेहरा उजळलेला. म्हणाले, "अरं, काय फेस आला हुता! बरनी भरून खाली सांडाया लागला, फरशीवर. थांबंना. तुला फोन लावत हुतो, लागंना. मग मघाशी म्या काय केलं, त्येल सोडलं. दोन थेंब. गप बसला बघ."

गुऱ्हाळावर काहील उतू यायला लागली की गुळव्या तिच्यात एरंडेलाचे दोन थेंब टाकतो. चढलेला पाक एका क्षणात खाली बसतो. हे आबांनी हजार वेळा केलेलं, आणि प्रत्येक वेळी त्यामुळं काहील वाचलेली. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातलं शेंगतेल घेतलं होतं, एवढाच काय तो फरक.

मी आत धावलो. बरणी रिकामी, पाइपात एक बुडबुडा नाही. पाण्यावर तेलाचा तवंग, दिव्याखाली रंग बदलणारा. नवरी तळाशी आडवी पडली होती आणि नवरा वर येऊन तोंड उघडझाप करत होता. मी टाकीत हात घालून नवरीला उचललं, ती मऊ लागली. आबा मागून म्हणाले, "निजली काय रं?"

तेव्हा मी ते बोललो. मी वळलो आणि ओरडलो, "तुमचा हातच वाईट हाय! जिथं लावाल तिथं माती! तिच्याजवळ बसला तर ती गेली, आता हे. ह्या घरात कशालाबी हात लावायचा न्हाई तुमी!"

शब्द न् शब्द आठवतो. बाहेर दुकानासमोर एक टेम्पो उभा होता, त्याचा ड्रायव्हर आत डोकावून बघून गेला, तेही आठवतं.  आबांनी आपले दोन्ही हात वर केले, पालथे-उताणे करून पाहिले, आणि धोतराला पुसले. पुसतच राहिले.

मी पाणी बदललं, कागद फिरवून तवंग काढला. सकाळपर्यंत नवराही गेला. दोघांना मी दुकानामागं लिंबाखाली पुरलं. आबा लांब उभे होते, जवळ आले नाहीत. मी त्यांना बोलावलंही नाही.

त्या दिवसापासून आबांनी घरात कशाला हात लावला नाही. पाण्याचा तांब्या मी पुढं केला तर घ्यायचे, नाहीतर तहानलेले बसायचे. दाराची कडी काढायची झाली तर मला हाक मारायचे. मला वाटलं, रुसलेत. म्हातारी माणसं रुसतात, चार दिवसांत येतील ताळ्यावर. आठव्या दिवशी भाऊ भेटायला आला, तेव्हा ते पिशवी भरून एसटीसाठी तयारच बसले होते. जाताना नेहमीसारखा मी पाया पडलो. एरवी त्यांचा हात लगेच डोक्यावर यायचा. त्या दिवशी आला नाही. मी मान वर करून पाहिलं तर दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. मीही मग आखडलो. म्हटलं, ठीक आहे, तुम्ही तसे तर मी असा.

चैत्रात कूलरची कामं सुरू झाली. एका गिऱ्हाइकाच्या पंपाला चुंबक हवा होता, म्हणून मी तो माळ्यावर टाकलेला पंप खाली काढला. चिरेवरचं माझं वॉर्निश बोटानं दाबलं तर अजून चिकट. आतून ते वाळलंच नव्हतं. खाऱ्या पाण्यात फुगून त्याचा पापुद्रा सुटला होता, आणि पापुद्र्याखाली तांब्याची तार उघडी पडून हिरवीगार झाली होती. मी पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, कच्चं रेझिन पाण्यात गेलं की स्किमरला वेड्यासारखा फेस येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि तांबं म्हणजे तर समुद्राच्या माशांना विष. मी विचारलं, आणि तेल? तो म्हणाला, "दोन थेंबांनी फेस बसतो, तासाभरात परत येतो. मासे कशाला मरतील?"

मी पंप हातात धरून बसून राहिलो. फेस माझ्यामुळे आला होता. मासे माझ्यामुळे मेले होते. आबांनी फक्त सांडणारा फेस थांबवला होता. आणि बायकोचं तर, तिच्या शेजारी रात्रंदिवस बसायचं जे काम माझं होतं ते आबांनी केलं होतं, कारण मला ते बघवत नव्हतं. मी दुकानात पळून यायचो. हे सगळं त्या दुपारी मला एकदमच कळलं.

मग मी त्याच दिवशी पासलीला जायला हवं होतं. गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. कामं होतीच, पण खरं कारण लाज. चुकलो हे म्हणायला मी कधी शिकलोच नव्हतो. बायकोला वीस वर्षांत एकदाही म्हणालो नव्हतो, तीच समजून घ्यायची. फोनवर हे बोलण्यासारखं नाही, असं स्वतःला सांगत मी दीड महिना काढला.

भावजयीचा फोन आला तो राब भाजून झाल्यावर. भाताच्या रोपासाठी वाफ्यात बी टाकायचं होतं. आमच्याकडं पहिली मूठ घरातलं सगळ्यात थोर माणूस टाकतं. आबा गुऱ्हाळाचे दिवस संपवून वर आले की कायम त्यांचीच मूठ, आणि भावकीतलीसुद्धा चार घरं त्यांना न्यायला यायची. भावजय म्हणाली, "दादा, आबा मूठ टाकीनात. सूप पुढं केलं की हात काखंत घालून बसत्यात. काय झालंय त्यांना, तुमाला तरी म्हाईत हाय का?"

मला माहीत होतं. मी तसाच निघालो.

वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. आबा, तेलानं नाही, माझ्या वॉर्निशनं मेले. आबा, तुमचा हात वाईट नाही. मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. फक्त तो शब्द परत घ्यायचा होता, आणि त्यांनी तो मला देऊन टाकायला हवा होता.

आबा पडवीत बसले होते. अंगानं निम्मे झालेले, गुडघ्यांभोवती चादर, हात चादरीच्या आत. मी पुढं जाऊन वाकलो. ते म्हणाले, "या, बसा पाव्हनं. कुटनं आलात?"

भाऊ ओशाळून म्हणाला, "आबा, दादा हाय. कापूरहोळचा." त्यांनी मान डोलावली, पण डोळ्यांत काही हललं नाही. मला म्हणाले, "च्या घ्या." भावानं हळूच सांगितलं, दोन महिन्यांत सगळं वेगानं गेलं. आईला हाका मारतात. भावालाही कधी ओळखतात, कधी नाही. मला आधी का कळवलं नाहीस म्हणून मी त्याच्यावर ओरडणार होतो, पण इतके दिवस आलो नव्हतो तो मीच.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पंपाची चीर, वॉर्निश, हिरवं तांबं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढं सलग बोललो असेन. म्हणालो, "आबा, माझी चूक हुती. तुमी काय केलं न्हाई." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुटलं मासं?"

"तुमच्या सुनंचे. नवरा-नवरी. तुमी मळी काढायचा रोज."

"सूनबाई कुटं गेलीया?"

मी म्हणालो, "बाजारला." त्यांना ते पटलं.

तेवढ्यात भावजय सुपात बी घेऊन आली. तिला वाटलं असेल, मोठा लेक आलाय, आता ऐकतील. वाफा पडवीच्या खालीच होता. तिनं सूप त्यांच्यापुढं धरलं. "आबा, मूठ टाका. मग बाकीचं आमी टाकतो."

आबा मागं सरकले. चादरीतले हात त्यांनी आणखी आत ओढून काखेत दाबून धरले, पोराच्या हातातली वस्तू कुणी हिसकावतंय असे. "नगं, नगं. माजा हात वाईट हाय. भात जळून जाईल. तुमी टाका."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी विचारलं, "कोन म्हनलं आबा, हात वाईट हाय म्हनून?"

त्यांनी खूप वेळ आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. माझ्या तोंडाकडं त्यांनी निरखून पाहिलं, आणि मला वाटलं, आता आठवतंय.

"नाव न्हाई घावत," ते म्हणाले. "पर लई जानतं मानूस हुतं, पाव्हनं. मोटारीतलं समदं कळायचं त्याला. त्ये कशाला खोटं बोलंल?"